पुढच्या ब्रेकवरचं उलटं बरोबर

प्रिय अनीश आणि मिहिका,

अनीश, परवा तू गौरीताईला तुझ्या बाईकचा फोटो पाठवलास. तिकडे मेलबर्नला जुनी घेतलेली, छोटी, पण दिसायला रेसची. खाली एकच ओळ होती... ताई, पहिलं मॉडिफिकेशन काय करू? तिनं लिहिलं, "आज्जीला विचार." तुला ती चेष्टा वाटली असणार. सत्त्याहत्तर वर्षांच्या, रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाईंना बाईकमधलं काय कळतं? पण गौरी चेष्टा करत नव्हती. म्हणून जे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही, तुमच्या आईबाबांनाही नाही, ते आज लिहून काढते आहे. मिहिका, एखादा शब्द अडला तर आईला विचार, पण वाच शेवटपर्यंत.

आधी एक स्पष्ट करते. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरातल्या एकाही गाडीला मी लिंबू-मिरची बांधू दिलेली नाही. अंगारा, उतारा, कुणाच्या अंगात येणं — या सगळ्याला मी शाळेतल्या मुलींसमोर नावं ठेवलेली आहेत, तीही दोन भाषांत. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते मी जसं पाहिलं तसंच लिहिते आहे. माझ्या बाजूनं त्यात काही घालत नाही.

आजोबांची एक सवय तुम्हाला ठाऊक असायला हवी. ते म्हसवडकडचे. पंचवीस वर्षं फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. सुभेदार म्हणून रिटायर झाले. फौजेत त्यांना शिकवलं होतं, की महत्त्वाचा बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि पाना न लावताही नुसतं बघून कळतं की हा सैल होतोय. साताऱ्याला आल्यावर त्यांना तो फौजेचा रंग कुठून मिळणार? त्यांनी माझं नेलपेंट उचललं. मी आयुष्यभर एकच रंग वापरला, डाळिंबी. आणि साधी रेघ ओढतील तर ते आजोबा कसले. माझ्या वह्या तपासण्याची टिंगल म्हणून त्यांनी बरोबरची खूण करायला सुरुवात केली. आखूड रेघ बोल्टच्या डोक्यावर, लांब रेघ शेजारच्या लोखंडावर.

"बाई, ह्यो बोल्ट पास झाला," म्हणायचे. मला ते नेहमी बाईच म्हणत, सगळी शाळा म्हणायची तसं.

"आणि खूण मोडली तर?"

"मोडलेलं बरोबर म्हंजे चूक. तुमाला शिकवाय पायजे व्हय?"

ते डावखुरे होते. त्यामुळे त्यांची खूण उलटी यायची. लांब रेघ आपल्यासारखी उजवीकडे वर न जाता डावीकडे वर जायची. मी कितीदा म्हटलं असेल, अहो, निदान बरोबर तरी बरोबर काढा. ऐकलं नाही. आपल्या कुकरच्या हँडलच्या स्क्रूवर तशी खूण आहे. मिहिका, तू चार वर्षांची असताना तिला लाल मुंगी समजून कुकरला हात लावायला घाबरायचीस. तीच ती.

आजोबा गेले तेव्हा गौरी सातवीत होती. मी गोष्ट सांगते आहे ती त्यानंतर दहा वर्षांनी घडली. आणि ज्या गाडीवर घडली ती तेव्हा चार वर्षांची होती. ही वजाबाकी लक्षात ठेवा. मी ती खूप वेळा केली आहे.

गौरीला सांगलीला नोकरी लागली. बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत. ती तिथं खोली घेऊन राहते, शनिवारी साताऱ्याला येते. एसटीच्या गर्दीला कंटाळली आणि बाईक घ्यायची ठरवली. स्कूटर नाही... बाईक, आणि तीही स्पोर्ट. तुमचा शेखरकाका, म्हणजे तिचे बाबा, आठवडाभर बोलला नाही. शेवटी मी तिची बाजू घेतली. मी म्हटलं, मुलगी मिळवती आहे, नीट चालवते, घेऊ दे. तेव्हा शेखरनं अट घातली. "एकदा जरी पडली, नुसतं खरचटलं जरी, तरी गाडी विकायची. आणि आई, जबाबदारी तुझी." मी हो म्हटलं. हे 'हो' मला पुढे फार जड गेलं, म्हणून लिहून ठेवते.

गाडी सांगलीजवळच्या आष्ट्याची. मोबाईलवर जाहिरात होती, विकणाऱ्याचं नाव शीतल. गौरी खूश. "आज्जी, एका मुलीनं वापरलेली आहे, म्हणजे नीटच असणार." रविवारी आम्ही तिघं कारनं आष्ट्याला गेलो, तर दारात सहा फूट उंच, झुबकेदार मिशीचा माणूस.

"शीतल आहेत का?" गौरीनं विचारलं.

"मीच की. या, चहा घ्या."

जैन घरांत मुलाचंही नाव शीतल असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. माझं माहेर सांगलीचं. त्याची बायको आतून हसत आली. "परत्येकाचं असंच हुतंय बगा. लग्न ठरताना माझ्या मामानंबी इचारलं हुतं, पोरगा कवा बगायचा." शीतल भला माणूस. द्राक्षबागेचं काम, पाठ दुखायला लागलेली, आणि त्या मागच्या उंच सीटवर साडी नेसून बसायला बायको तयार नाही. साडी गार्ड त्यानं पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. "तितंच चुकलं माझं," तो म्हणाला, आणि बायकोनं मान हलवली.

गौरी गाडी चालवत साताऱ्याला आली. शेखर आणि मी कारनं तिच्या मागे. मी सगळा रस्ता तिच्या पाठीकडे बघत होते. काही झालं नाही. गाडी आपल्या सदर बझारच्या घराच्या अंगणात उभी राहिली, वर कव्हर घातलं, आणि कागदपत्रं नावावर होईपर्यंत तिथंच राहिली. गौरी तो आठवडा एसटीनंच सांगलीला गेली. अंगणाच्या फाटकाला कुलूप असतं, किल्ली माझ्याकडे.

शनिवारी ती आली आणि तेच सुरू झालं जे अनीश, तुझ्या डोक्यात सुरू असणार. पहिलं काय बदलायचं? मी म्हटलं, कागद घे, दोन रकाने आख.

"आज्जी, पेपर सेट करतीयेस का?"

"हो. वेळ अर्धा तास."

तिच्या रकान्यात सायलेन्सर, मागची आखूड शेपटी, हँडलच्या टोकाचे आरसे, टाकीवरचे पट्टे. माझ्या रकान्यात टायर, ब्रेकचे पॅड, चेन, आणि तिचे हात चिमुकले आहेत म्हणून ब्रेक-क्लचचे छोटे लिव्हर. एका वेळी एकच होणार होतं. तिचं म्हणणं, टायर आणि ब्रेक आष्ट्याहून येताना मस्त चालले, मग घाई कसली? दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी मेढ्याच्या घाटात जाणार होत्या, आणि तिला नव्या सायलेन्सरच्या आवाजात जायचं होतं. कोपऱ्यावरच्या दत्ता मिस्त्रीकडे तो येऊनही पडला होता.

मी तासभर लढले. मग मी थकले. मुलांनो, हे मला कबूल करायचं आहे. मला पटलं नव्हतं, मी थकले होते. म्हटलं, "ठीक आहे. सायलेन्सर आधी. ब्रेक पुढच्या महिन्यात." आणि तिच्या रकान्यातल्या पहिल्या ओळीसमोर मी स्वतःच्या हातानं बरोबरची खूण केली.

रविवारी सकाळी नऊ वाजता. स्वच्छ ऊन. गौरीची आई ताम्हनात हळद-कुंकू आणि फुलं घेऊन अंगणात आली. गाडी आल्यापासून पूजा राहिली होती आणि पूजेशिवाय घाटात जाऊ द्यायला ती तयार नव्हती. मी बाजूला खुर्चीवर पेपर वाचत होते. मला हे पटत नाही हा एक भाग, आणि दुसरा भाग असा की आजोबा गेल्यापासून कुणी माझ्यापुढे हळद-कुंकवाचं ताम्हन करत नाही. मी मनाला लावून घेतलेलं नाही, पण ते आहे. गौरीनं ताम्हन आईच्या हातातून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आज्जी, तूच लाव."

"मी कशाला गं?"

"गाडी तुझ्यामुळे मिळाली. दुसऱ्या कुणी लावलेलं मला नको."

सूनबाईनं माझ्या हातातला पेपर घेतला. मी उठले, ताम्हन हातात घेतलं. हँडलला बोटं लावली, दिव्याला लावली, टाकीला लावली. मग पुढच्या चाकाला लावायला खाली वाकले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. मी सहसा वाकत नाही. त्या दिवशी वाकले.

चाकाशेजारी, जिथं ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारा भाग, पुढच्या नळीला दोन बोल्टनी धरलेला असतो, तिथं लाल डाग दिसला. मला वाटलं माझ्याच बोटाचं कुंकू सांडलं. पदरानं पुसलं. निघेना. नख लावलं. निघेना. चष्मा वर करून जवळ गेले.

बरोबरची खूण होती. डाळिंबी. लांब रेघ डावीकडे वर गेलेली.

ती वरच्या बोल्टवरची. ती अखंड होती. खालच्या बोल्टवर तशीच दुसरी, पण ती मोडली होती. लांब रेघ कॅलिपरवर जागच्या जागी, आणि आखूड रेघ बोल्टच्या डोक्यासोबत पाव फेरा फिरून भलतीकडेच तोंड करून उभी.

माझ्या हातातलं ताम्हन केव्हा सुटलं ते मला कळलं नाही. फरशीवर त्याचा आवाज झाला तेव्हा मी खाली बसले होते, कुंकवात. गौरी धावत आली, तिला वाटलं चक्कर आली. मी नुसतं बोट दाखवलं. ती वाकली, बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. सातवीतली मुलगी आजोबांबरोबर सायकलचे बोल्ट आवळत बसायची. तिला सांगावं लागलं नाही.

"हे आधी नव्हतं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

सूनबाईनं दत्ता मिस्त्रीला बोलावून आणलं. दत्ता पन्नाशीचा, आजोबा असताना त्यांना काहीबाही विचारायला यायचा. हात पुसत फाटकातून आत आला, वाकला, आणि खुणेकडे बघून अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाला,

"सुभेदारसायेब कवा आलते?"

मग त्याच्याच लक्षात आलं. तो उकिडवा बसला होता तो मागे हात टेकून फरशीवरच बसला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली ती मला अजून आठवते.

"दत्ता, आधी बोल्ट बघ," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

त्यानं पाना लावलाच नाही. बोल्ट दोन बोटांत धरला आणि फिरवला. फिरला. पुरा काढून तळहातावर घेतला, उन्हात धरला.

"आवं बाई, ह्याचं आटं झिजल्यात. कुनीतरी बळानं आवळलाय कवातरी. आता कितीबी आवळा, धरल्यासारखा वाटतुया, पर गाडी चालली की सुटणारच."

"सुटला असता तर?"

दत्ता गौरीकडे बघून थांबला. मी म्हटलं, बोल, तिच्यासमोरच बोल.

"घाटात खाली येताना पुडचा ब्रेक दाबला असता, तर कॅलिपर वरच्या एका बोल्टवर फिरून चाकात घुसला असता. चाक जागेवर जाम. मग काय ऱ्हातंय."

सायलेन्सर बसवताना पुढचा ब्रेक बघितला असतास का, मी विचारलं. तो खरं बोलला. "न्हाई बघितला. मागचं काम, मागंच बघितलं असतं."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी कागद घेतला आणि ज्यांनी ज्यांनी ही खूण केली असू शकेल त्यांची नावं लिहिली.

दत्ता. उजव्या हातानं काम करतो, आणि गाडी आमच्या कुलपात होती. त्यानं ती त्या सकाळपर्यंत पाहिलीच नव्हती.

शीतल. गौरीनं लगेच फोन लावला, स्पीकरवर. "न्हाई हो मावशी, पुडचा ब्रेक मी कदी खोललाच न्हाई. एकदा पंक्चर काढताना एकानं चाक काढलं हुतं, दीड वर्स झालं. लाल रंग? तुमी यायच्या आदल्या दिवशी मी सोता ब्रशनं चाकं धुतली. काय नव्हतं बगा." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पोरगी पडली न्हाई न्हवं?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग झालं," पण तासाभरानं त्यानं पुन्हा फोन करून तेच विचारलं.

गौरीला त्यानं विक्रीआधी फोटो पाठवले होते. त्यात पुढच्या डिस्कचा एक अगदी जवळून काढलेला होता, तिनंच मुद्दाम मागितलेला. तो तिनं मोठा करून दाखवला. दोन्ही बोल्ट स्वच्छ. आम्ही आष्ट्याला जायच्या तीन दिवस आधीचा फोटो.

गौरी. तिला सायलेन्सर हवा होता. आणि ती त्या आठवड्यात सांगलीला होती.

मी. हो, मी माझंही नाव लिहिलं. माणूस म्हातारपणी झोपेत काय करेल सांगता येत नाही. पण माझी खूण उजवीकडे जाते. मी कोऱ्या कागदावर डाव्या हातानं वीस वेळा करून बघितली, एकही तशी आली नाही. आणि नेलपेंट आणणार कुठून? तो डाळिंबी रंग दुकानात मिळेनासा होऊन बरीच वर्षं झाली. मी लावणंही सोडलं होतं. घरात एकच बाटली उरली होती, आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत. ती पेटी आम्ही चौघांनी मिळून उघडली. बाटली तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली. आतला रंग दगडासारखा वाळलेला, ब्रश त्यातच अडकलेला. झाकण दत्तानं पकडीनं फिरवून बघितलं. हललं नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी नाही, दोन दिवसांनी भाजी निवडताना लक्षात आली आणि हातातली मेथी तशीच राहिली. खूण नेहमी बोल्ट आवळून झाल्यावर करतात. म्हणजे ज्यानं ती केली त्यानं आधी तो बोल्ट आवळला होता. मग गाडी चालली आणि बोल्ट सुटला, म्हणून खूण मोडली. उभ्या गाडीचा बोल्ट आपोआप फिरत नाही. आणि आष्टा ते सातारा सोडलं तर गाडी कुठंच चालली नव्हती. म्हणजे गौरी त्या दारातून गाडीवर बसून निघाली तेव्हा बोल्ट आवळलेला होता आणि खूण तिथं होती. शीतलनं चाकं धुतल्यानंतर, आणि आम्ही चहा पिऊन उठण्याच्या आधी. मी गौरीला विचारलं, तेव्हा बघितलं होतंस का? ती म्हणाली, "आज्जी, मी फक्त टाकी बघत होते."

त्या बोल्टवर पूर्ण रस्ता ती माझ्यापुढे गाडी चालवत होती, आणि मी तिच्या पाठीकडे बघत होते.

शेखरला आम्ही बोल्ट सैल होता एवढंच सांगितलं. त्यानं विचारलं, "कुणी पकडलं?" गौरी म्हणाली, "आज्जीनं." तो मला म्हणाला, "तू कधीपासून बोल्ट तपासायला लागलीस?" गाडी पडली नव्हती, म्हणून अट मोडली नव्हती. गाडी राहिली. शेखर हे वाचेल तेव्हा माझ्यावर रागावेल, ते मला मान्य आहे.

गौरी मेढ्याला गेली नाही. सायलेन्सर आठ महिने खोक्यातच पडून होता. दत्तानं दोन्ही बोल्ट नवे घातले, पॅड बदलले, मग टायर. माझा रकाना संपल्यावर तिचा सुरू झाला. त्या रविवारी संध्याकाळी तिनं आमचा दोन रकान्यांचा कागद घेतला, मी सायलेन्सरसमोर केलेल्या खुणेवर पेनानं काट मारली आणि म्हणाली, "आज्जी, तुझा पेपर आजोबांनी तपासला." ती हसत नव्हती. मीही नाही.

कुणी भूत म्हणेल, मी म्हणत नाही. कुणी योगायोग म्हणेल, तर मी विचारीन कशाचा? मी आजही लिंबू-मिरची बांधू देत नाही. फक्त वाकते. गौरी सांगलीला निघाली की गुडघे धरून वाकते आणि ते दोन बोल्ट बघते.

तेव्हा अनीश, तुझं पहिलं मॉडिफिकेशन. नेलपेंटची एक छोटी बाटली घे, कुठलाही भडक रंग. चांगल्या मिस्त्रीकडून ब्रेकचे, चाकांचे, हँडलचे सगळे बोल्ट आवळून घे आणि प्रत्येकावर खूण कर. तू उजव्या हाताचा आहेस, तुझी सरळ येईल. मग दर वेळी निघताना खाली वाकून बघ. सायलेन्सर त्यानंतर.

तो झिजलेला बोल्ट माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत आहे. त्याच्या डोक्यावर खुणेची आखूड रेघ आहे. लांब रेघ गौरीच्या गाडीच्या कॅलिपरवर आहे, आणि ती गाडी दर शनिवारी सांगलीहून साताऱ्याला येते.

तुमची,
आज्जी